वन्संनी आणलेली कॅप्सूलची बाटली

«ताई, मी काळाचौकीला राहते. आमचे हे ६२ वर्षांचे. आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन. तंबाखू आयुष्यभर. जिभेच्या कडेची जखम भरेना म्हणून दाखवलं तर कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. आता परळला रेडिएशन व्हायचंय, त्या वेळी डोकं हलू नये म्हणून घालतात तो मास्क बनवायला येत्या सोमवारी बोलावलंय. नणंदेचा मुलगा एम.एस्सी.ला आहे. त्याने गणपतीत घरी सांगितलं की, ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेलं औषध कॅन्सरच्या पेशींवर टाकलं तर त्या वाढायच्या थांबल्या आणि प्लेटला घट्ट चिकटून बसल्या. वन्संनी लगेच ५०,००० युनिटच्या कॅप्सूलची बाटली आणली. सकाळ-संध्याकाळ एकेक दे म्हणाल्या, पेशी चिकटून बसल्या की कॅन्सर पसरणार नाही. डॉक्टरांना सांगू नको, ते नाहीच म्हणणार. मी अजून दिलेल्या नाहीत. पण झोप उडाली आहे. मी नाही दिल्या आणि उद्या काही झालं तर? तंबाखू यांनी सोडलीय, पण पहाटे गच्चीवर जाऊन दोन विड्या ओढतात.
ता.क. सुनेला दुसरा महिना आहे. बाळाचे डोळे चांगले होतात म्हणून वन्संनी तिलाही रोज एक घ्यायला सांगितलंय. तिने दोन घेतल्या.»

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात घाईची गोष्ट तुम्ही ता.क. म्हणून लिहिली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. सुनेच्या कॅप्सूल आजच बंद करा. गरोदरपणात रेटिनॉल, म्हणजे तयार ‘अ’ जीवनसत्त्व, गोळीतून रोज १०,००० युनिटच्या वर घेऊ नये, असं डॉक्टर सांगतात. वन्संच्या एका कॅप्सूलमध्ये त्याच्या पाचपट आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे कान, चेहरा, हृदय, मेंदू घडत असतात. कुठे काय घडवायचं याचा निरोप पेशींना देणाऱ्या द्रव्यांत याच जीवनसत्त्वापासून बनलेलं रेटिनॉइक ॲसिड असतं. तो निरोप गरजेपेक्षा मोठ्याने पोचला तर घडण बिघडू शकते. दोन कॅप्सूल गेल्या म्हणून पोरीला घाबरवू नका, पण लपवूही नका. ती जिथे नाव घालणार आहे तिथे बाटली दाखवायची, कोणत्या दिवशी घेतल्या ते सांगायचं. पुढे सोनोग्राफीत काय बघायचं ते डॉक्टर ठरवतील. डॉक्टरांनी दिलेल्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या मात्र चालू ठेवायच्या. गाजर, लाल भोपळा, माठ, शेवग्याचा पाला तिने पोटभर खावा. भाजीतल्या कॅरोटीनपासून शरीर लागेल तेवढंच जीवनसत्त्व बनवून घेतं, तिथे ही भीती नाही.

आता तुमच्या ह्यांच्याकडे येते.

भाचा खोटं बोललेला नाही, हे आधी सांगते, कारण घरात आता त्याच्याकडेच बोट दाखवलं जाईल. मी बावीस वर्षं पेशी वाढवण्याच्या लॅबमध्ये काम केलंय आणि त्याने जे पाहिलं ते मी माझ्या डोळ्यांनी कितीतरी वेळा पाहिलंय. त्याचं औषध म्हणजे बहुधा हेच रेटिनॉइक ॲसिड. ते उजेडात खराब होतं, म्हणून काढताना आम्ही दिवे मंद करायचो आणि कुपी चांदीच्या कागदात गुंडाळायचो. गुलाबी द्रवात ३७ अंशांवर वाढणाऱ्या पेशी एरवी तीन-चार दिवसांत तळ भरून टाकतात. औषध घातलेल्या बाटलीत मात्र मोकळ्या जागा राहतात. पेशी पसरट होतात, शेजारणीला कड लावून बसतात. त्या सोडवायला आम्ही ट्रिप्सिन नावाचं पाचक द्रव्य घालतो. साध्या पेशी दोन मिनिटांत सुटतात, बाटलीला तळव्याने हलकी थाप दिली की धूर उठावा तशा वर तरंगतात. औषधातल्या काही पेशी सुटता सुटत नाहीत. थाप द्या, आणखी थांबा, तरी बसलेल्याच. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी त्या सूक्ष्मदर्शकावरून उठले नव्हते. तेव्हा भाच्याला काय वाटलं असेल ते मला कळतं.

हे का होतं, तेही सांगते. पेशीच्या केंद्रकात रेटिनॉइक ॲसिड धरणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. त्यातला पहिला १९८७ साली फ्रान्समध्ये पिएर शाँबाँ आणि अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटांनी वेगवेगळा शोधला. ॲसिड त्या ग्राहकावर बसलं की काही जनुकं चालू होतात, काही मिटतात. विभाजन रोखणारी प्रथिनं वाढतात आणि पेशी शिकाऊ उमेदवारी संपवून आपल्या नेमल्या कामाला लागते. कॅन्सरची पेशी म्हणजे उमेदवारीतच अडकलेली पेशी. काम शिकत नाही, नुसती माणसं वाढवते.

एका कॅन्सरमध्ये तर याच औषधाने इतिहास घडवलाय. रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. त्यात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि त्या तुकड्यात नेमका हा रेटिनॉइक ॲसिडचा ग्राहकच मोडून दुसऱ्याला जोडला जातो. पेशी अडकते ती त्यामुळेच. शांघायला वांग झेन्यी नावाच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला हे औषध दिलं आणि ती बरी झाली. १९८८ मध्ये त्यांच्या २४ रुग्णांची माहिती छापून आली. पूर्वी या आजारात माणूस अनेकदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जायचा. आज रेटिनॉइक ॲसिड आणि आर्सेनिक एकत्र देतात आणि फार गंभीर नसलेल्या रुग्णांतले शंभरातले नव्वदहून जास्त बरे होतात. पण तिथेही रुग्ण दवाखान्यात डॉक्टरांच्या नजरेखाली असतो, कारण पेशी एकदम परिपक्व व्हायला लागल्या की ताप, सूज, फुप्फुसात पाणी असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो.

तुमच्या ह्यांच्या जिभेच्या पेशीत ती गुणसूत्रांची अदलाबदल नसते. सगळं घोडं तिथे अडतं.

भाच्याला विचारा, पेशी कोणत्या होत्या? मला वाटतं तो एमसीएफ-७ म्हणेल, विद्यार्थ्यांच्या हातात बहुतेक त्याच असतात. त्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी, १९७० साली अमेरिकेत एका ख्रिस्ती जोगिणीच्या (ननच्या) छातीतल्या पाण्यातून काढलेल्या. त्या हे औषध ऐकतात. आता त्याला एमडीए-एमबी-२३१ वर तेच करून बघायला सांगा. त्याही स्तनाच्या कॅन्सरच्याच आहेत, पण त्या फारशा दाद देत नाहीत. एकाच अवयवाच्या कॅन्सरमध्ये एवढा फरक असतो आणि आपण स्तनावरून जिभेवर उडी मारतोय. शिवाय प्लेटमध्ये बहुधा एक मायक्रोमोलर औषध घालतात. माणसाच्या रक्तात नैसर्गिकपणे रेटिनॉइक ॲसिड असतं त्याच्या ते शंभर पटींच्या घरात जातं.

चिकटण्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण वन्संचा सगळा भरवसा त्या एका शब्दावर आहे.

पेशीला हात असतात आणि पाय असतात, असं समजा. हातांनी ती शेजारणीला धरते. ते काम मुख्यतः ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन करतं. पायांनी ती खालच्या जमिनीला धरते, ते काम इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांचं. कॅन्सरची पेशी मूळ गाठीतून निघते तेव्हा आधी शेजारणीचा हात सोडते. म्हणून रेटिनॉइक ॲसिडने काही पेशींत ई-कॅडहेरिनची पकड घट्ट होते हे कळलं तेव्हा संशोधकांना आनंद झाला, आणि तो रास्त होता. पण तीच पेशी रक्तातून किंवा लिम्फमधून फिरत फुप्फुसात पोचली की तिला तिथे पाय रोवावे लागतात. पाय घट्ट असणं तिथे तिच्या सोयीचं. मग भाच्याने काय मोजलं? प्लेटच्या तळाला पेशी किती घट्ट बसल्या, म्हणजे पाय. हात मोजलेच नाहीत. तेवढ्यावरून शरीरात ती पसरेल की नाही हे भाचा सांगू शकत नाही, त्याचे सर सांगू शकत नाहीत, मीही सांगू शकत नाही. वेगवेगळ्या पेशींत हे औषध वेगवेगळं वागतं. काहींत चिकटणं वाढतं, काहींत कमी होतं, काहींत चालण्याचा वेग तेवढा मंदावतो. त्याचा प्रयोग चांगला आहे, पण त्याने विचारलेला प्रश्न वन्संच्या प्रश्नापेक्षा वेगळा होता.

तोंडाच्या कॅन्सरवर हे माणसांत कुणी करून पाहिलं नाही का? पाहिलंय, आणि मन लावून पाहिलंय. ‘अ’ जीवनसत्त्व नसलं की ओलं, मऊ आवरण कातडीसारखं कोरडं, टणक होतं, हे उंदरांत १९२५ मध्येच दिसलं होतं. म्हणून आशा होती. १९८६ मध्ये तोंडातल्या, पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांवर १३-सिस रेटिनॉइक ॲसिड, म्हणजे त्याच औषधाचं एक भावंड दिलं, तर दोनतृतीयांश रुग्णांचे चट्टे निवळले. औषध थांबवल्यावर दोन-तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त जणांचे परत आले. आपल्याकडे केरळात नुसतं ‘अ’ जीवनसत्त्व मोठ्या डोसने वर्षभर देऊन पाहिलं, निम्म्या लोकांचे चट्टे पूर्ण गेले, आणि बंद केल्यावर त्यातल्या दोनतृतीयांशांचे परत उगवले. मग १९९० मध्ये तुमच्या ह्यांच्यासारख्याच, म्हणजे डोकं-मानेच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या १०३ जणांवर प्रयोग झाला. नवा दुसरा कॅन्सर औषधवाल्यांत ४ टक्क्यांना, बाकीच्यांत २४ टक्क्यांना. मला आठवतंय, आमच्या लॅबमध्ये तो लेख हातोहात फिरला होता. पण त्याच लेखात हेही होतं की मूळ कॅन्सर उलटण्यात काही फरक पडला नाही, आणि तो डोस लोकांना सोसवत नव्हता. मग सोसवेल एवढा डोस ठरवून १,१९० रुग्णांना तीन वर्षं देण्याचा मोठा प्रयोग झाला. २००६ मध्ये निकाल आला: ना नवा कॅन्सर टळला, ना आयुष्य वाढलं.

इतक्या लोकांनी इतकी वर्षं गोळ्या गिळून आपल्याला हे उत्तर दिलंय, ताई. ते आपण वापरायला हवं.

आणि लक्षात घ्या, केरळातला प्रयोग सोडला तर ते सगळं रेटिनॉइक ॲसिडच्या औषधांबद्दल होतं. वन्संच्या बाटलीत ते नाहीच. तिथे साधं ‘अ’ जीवनसत्त्व आहे. ते पोटातून यकृतात जाऊन साठतं आणि यकृत ते मापून मापून रक्तात सोडतं. तुम्ही दुप्पट घातलं म्हणून जिभेपर्यंत दुप्पट पोचत नाही, कोठार तेवढं भरत जातं. प्रौढ पुरुषाला दिवसाला साधारण १,००० मायक्रोग्रॅम लागतं. रोज दोन कॅप्सूल म्हणजे एक लाख युनिट, मायक्रोग्रॅममध्ये ३०,०००. वन्सं म्हणतील, अंगणवाडीत पोरांना दोन लाख युनिट पाजतात की! पाजतात, पण सहा महिन्यांतून एकदा, ज्यांचं कोठार रिकामं असतं त्यांना. रोज रोज एवढं गेलं की डोकं दुखतं, उलट्या होतात, ओठ फुटतात, कातडी सोलवटते, हाडं ठणकतात, यकृत सुजतं. रेडिएशनने ह्यांचं तोंड सोलवटणारच आहे. त्यात ओठ फुटले, उलट्या सुरू झाल्या, डोकं दुखायला लागलं तर डॉक्टर कशाला कारण धरणार? ते रेडिएशनला धरतील, किंवा डोक्यात पसरलं का म्हणून स्कॅन सांगतील. केमो असेल तर रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले बघून ती पुढे ढकलतील. गुपचूप दिलेल्या कॅप्सूलचा खरा धोका हा आहे. डॉक्टर भलत्याच वाटेने शोधत बसतात आणि पेशंटचे दिवस जातात.

इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी. १९९५च्या हिवाळ्यात माझ्या आईच्या गालात गाठ निघाली. मशेरी लावायची ती. मी लॅबमध्ये दिवसभर पेशी थबकताना बघायची आणि रात्री आईच्या उशाशी बसायची. शेवटी बीटा कॅरोटीनच्या कॅप्सूल मागवल्या आणि कुणाला न सांगता आईला द्यायला लागले. जीवनसत्त्व आहे, भाजीतही असतं, याने काय होणार, असं मनाशी म्हणत होते. जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकेतला एक मोठा प्रयोग ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवल्याची बातमी आली. १८,३१४ माणसं होती त्यात, सिगारेट ओढणारी, पूर्वी ओढलेली, ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेली. त्यांना बीटा कॅरोटीन आणि रोज २५,००० युनिट ‘अ’ जीवनसत्त्व दिलं होतं, फुप्फुसाचा कॅन्सर टळावा म्हणून. तो टळला तर नाहीच, २८ टक्क्यांनी वाढला. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत बीटा कॅरोटीनने १८ टक्के वाढ झाल्याचं त्याआधी दोन वर्षं छापून आलं होतं. मी ते वाचलेलं होतं. वाचूनही आईला देत होते, कारण काहीतरी आपल्या हातात असावं असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन आईच्या डॉक्टरांकडे गेले. ते रागावले नाहीत. किती, कधीपासून, एवढंच विचारलं, फाइलवर लिहिलं आणि बंद करा म्हणाले. आई बरी झाली, शस्त्रक्रिया आणि रेडिएशनमुळे.

म्हणून तुमची झोप का उडाली ते मला कळतं. न दिल्याचा दोष आपल्यावर येईल ही भीती आहे. पण तुम्ही काही हिरावून घेत नाही आहात. पुढे कॅनडात रेडिएशन चालू असलेल्या डोकं-मानेच्या ५४० रुग्णांना ‘ई’ जीवनसत्त्व आणि सुरुवातीला काहींना बीटा कॅरोटीनही दिलं. तोंड जरा कमी सोललं, पण कॅन्सर जास्त जणांत परतण्याकडे कल दिसला, आणि रेडिएशनच्या दिवसांत सिगारेट ओढणाऱ्यांचं जास्त वाईट झालं.

आता विड्या. तुम्ही हे वाक्य पत्रात दुसऱ्या कशाच्या तरी आड लिहिल्यासारखं लिहिलंय, पण माझ्या लेखी ते सगळ्यात मोठं आहे. धूम्रपान चालू असताना रेडिएशनचा गुण कमी येतो. गाठीला प्राणवायू कमी पोचला की किरणांचा मारा बोथट होतो. दोन विड्या म्हणजे ‘काही नाही’ असं त्यांना वाटत असेल. आयुष्यभर तंबाखू मळलेल्या माणसाने ती सोडली, ही केवढी गोष्ट आहे! त्या हिमतीचं कौतुक करून मगच विडीचं बोला. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्याचा सरकारी फोन फुकट आहे, त्यावर बोलायला माणूस मिळतो. ज्या दिवशी मास्क बनवायला जाल त्याच दिवशी डॉक्टरांसमोर विडीचं नाव काढा. पहाटे त्यांच्याबरोबर गच्चीवर तुम्ही किंवा मुलगा जा, चहाचा थर्मास घेऊन. ती वेळ रिकामी राहिली की हात खिशाकडे जातो.

वन्संशी भांडू नका. भावासाठी जीव तुटतोय त्यांचा, आणि मुलाच्या हुशारीचा अभिमानही आहे. भाच्याला घरी बोलवा आणि आईला समजावायचं काम त्याच्यावरच सोपवा. हात आणि पायांची गोष्ट त्याला लगेच कळेल, तो ती माझ्यापेक्षा चांगली सांगेल. वन्संना काही करायचंच असेल तर काम भरपूर आहे. रेडिएशन साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतं. दोन दिवस त्यांनी बरोबर जावं. मऊ भात, पेज, मुगाच्या वरणात शिजवलेला लाल भोपळा, दुधात कुस्करलेलं रताळं, अंडं चालत असेल तर अंडं, बिनतिखटाचं सगळं त्या करून आणू शकतात. वजन घटू न देणं हे ह्या दिवसांतलं खरंच मोठं औषध आहे. मास्कच्या आधी दातांच्या डॉक्टरांनी तपासलंय ना, तेही बघा. राहिलं असेल तर सोमवारी विचारा, कारण रेडिएशननंतर दात काढणं जोखमीचं होतं.

ती बाटली फेकू नका. सोमवारी फाइलच्या पिशवीत घाला आणि डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा. म्हणा, घरच्यांनी आणलीय, एकही दिलेली नाही. तिथून बाहेर पडलात की सुनेच्या दवाखान्याची वेळ घ्या. तीच बाटली तिथेही लागेल.